पुसल्याची खूण

मी सिंकपाशी भांडी विसळत होते आणि भिंतीवर अडकवलेला टॅब त्याच्या सपाट आवाजात बोलला, "आईच्या गोळ्या." हातातलं पातेलं निसटलं. आईला जाऊन वर्ष उलटलं होतं.

बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी ग्लासात पाणी भरलं, डबीतून गोळ्या काढल्या आणि आतल्या खोलीकडे निघाले. प्रश्न नाही, कुरकुर नाही. त्यांची सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. घंटा वाजली की उठायचं, हे अंगात मुरलेलं.

"कुठे गेली ही?" आतून आवाज आला. मग बाथरूमचं दार वाजलं, मग बाल्कनीचं. "गोळ्यांची वेळ झाली की नेमकी गायब होते."

मी काय करावं? त्यांच्याजवळ जावं. पण माझा संताप नेहमी माझ्या पुढे धावतो. मी फोन उचलला आणि धाकट्या भावाला लावला. आम्ही त्याला लहानपणापासून खटपट्या म्हणतो. घरातलं एक घड्याळ, एक रेडिओ त्याने धड ठेवला नाही. आता तो याच उद्योगाचे पैसे घेतो, फोनवरची अ‍ॅप बनवतो.

"तुझ्या त्या यंत्राने आईला उठवलंय," मी म्हटलं. "असशील तसा ये."

फोन ठेवून वळले तर बाहेरचं दार सताड उघडं. बाबा ग्लास घेऊन खाली उतरले होते.

हे अ‍ॅप खटपट्यानेच केलं, घरापुरतं, आमच्या फोनवर आणि या टॅबवर चालणारं. आई आजारी पडली, बाबांचं विसरणं वाढलं, आणि कोणी कोणाला कधी काय दिलं याचा घोळ व्हायला लागला तेव्हा. त्याचा हट्ट होता की आपल्या घरातलं आजारपण कुठल्या तरी कंपनीच्या मशीनवर जाऊन पडायला नको. शिवाय आमच्या या जाड भिंतींच्या इमारतीत इंटरनेट मनात येईल तेव्हा येतं आणि जातं. म्हणून प्रत्येकाच्या फोनमध्ये, अ‍ॅपच्या पोटातच, एक छोटासा डेटाबेस बसवलेला. "एक फाइल, ताई. बस," तो म्हणायचा. घराबाहेर असो की दवाखान्याच्या तळघरात, फोन आपापलं लिहून ठेवायचा. घरी आला की वायफायवर बाकीच्यांना भेटायचा, आणि मग सगळे फोन एकमेकांना विचारून आपल्या नोंदी सारख्या करून घ्यायचे. मोठा असा कोणीच नाही, सगळे भाऊबंद. मी तेव्हा त्याची टिंगल केली होती. पण ते चाललं, आणि छान चाललं.

इतकं छान की आई गेल्यावर बाबा माझ्यापेक्षा टॅबवर जास्त विश्वास ठेवायला लागले. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात असते, लोकांच्या डोळ्यांना भिंगं बसवत. मी नसताना बाबा घरी एकटे राहू शकतात ते या टॅबच्या जिवावर. तो सांगतो जेव, हे जेवतात. तो सांगतो गॅस बघ, हे बघतात. मध्ये एकदा मी त्यांना एका लग्नाबद्दल खोटं सांगितलं होतं, जायला नको म्हणून. टॅबवर खरी तारीख होती. त्यांनी ती पाहिली, आणि मग कितीतरी दिवस माझ्या हातून गोळी घेतली नाही. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, की टॅबवरचाही विश्वास उडाला तर यांना अशा रुग्णांच्या संस्थेत ठेवावं लागेल. संस्था मी पाहून आले होते. स्वच्छ होती. परत येताना बसमध्ये मला रडू आवरलं नाही.

बाबांना खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई घेऊन आल्या. त्या रात्रपाळी करून नुकत्याच परतल्या होत्या, अंगावरचा गणवेश तसाच. "काका सगळ्यांना विचारत होते, बायकोला पाहिलंत का," त्या हळूच म्हणाल्या. "मला काही बोलवेना." त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या.

बाबांची मूठ घट्ट मिटलेली. मी उघडून पाहिली. त्यांच्याच रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. आईच्या आता घरात नव्हत्याच.

खटपट्या आला तो धापा टाकत, पायात दोन वेगळ्या चपला. टॅब खाली घेऊन चाळायला लागला. मग मान वर करून म्हणाला, "ताई, काल कुठला फोन चालू केलास?"

"माझा फोन बेसिनमध्ये पडला. दुरुस्तीला टाकलाय. तोवर आईचा काढला कपाटातून. का, गुन्हा केला?"

तो मटकन खाली बसला. त्याचा चेहरा बघून माझा आवाज थोडा उतरला. मी म्हटलं, "नीट सांग, मला कळेल असं."

त्याने सांगितलं. नोंद पुसली म्हणजे ती नुसती नाहीशी करून चालत नाही. तिच्या जागी एक खूण ठेवावी लागते, की ही पुसलेली आहे. दुसरा फोन भेटला आणि त्याच्याकडे ती नोंद अजून असली, तर ही खूण त्याला सांगते, बाबा रे, तूही पुस. पण अशा खुणा साठत जातात, फाइल फुगते. म्हणून काही महिन्यांनी त्या आपोआप साफ व्हाव्यात अशी सोय त्याने केली होती. सगळेच तसं करतात, म्हणाला. तोवर सगळे फोन एकमेकांना भेटलेले असतातच की.

"पण आईचा फोन कपाटात बंद होता. त्याला कोणी सांगितलंच नाही. काल रात्री तो वायफायवर आला तेव्हा आपल्याकडच्या खुणा साफ झालेल्या. बाकीच्यांना वाटलं, ही नवीनच नोंद आहे. सगळ्यांनी घेतली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, इतके महिने फोन बंद कोण ठेवतं?"

"मेलेली माणसं ठेवतात," मी म्हटलं.

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द सुटले होते. फोन तर मीच चालू केला होता, हे खटपट्या मला ऐकवू शकला असता. ऐकवलं नाही, एवढा तो बरा आहे.

"मी आत्ता लॅपटॉपवरून पुसून टाकतो," तो कुजबुजला. "बाबांना म्हणू, आई मावशीकडे गेलीय. थोड्या वेळाने विसरतील."

मलाही तेच सोपं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पुन्हा पुन्हा सांगू नका, प्रत्येक वेळ त्यांना पहिलीच असते. मी मान हलवणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "मावशीकडे नाही गेली ती."

आम्ही दोघंही वळलो.

"मला कान आहेत," बाबा म्हणाले. "ह्या टॅबमध्ये लिहिलंय, तिच्या गोळ्या द्या. तुम्ही म्हणताय, पुसून टाकू. आता खोटं कोण बोलतंय तेवढं सांगा. टॅब की तुम्ही?"

खटपट्याने माझ्याकडे पाहिलं. घरात कठीण बोलायचं काम कायम माझ्याकडे. मी बाबांच्या समोर जमिनीवरच बसले.

"टॅब चुकला, बाबा. आई गेली. मागच्या वर्षी."

त्यांचा चेहरा मी बघू शकले नाही. त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. विजारीवर पाणी सांडलेलं होतं.

"मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. तुम्ही तिथेच होतात. आणि तिच्या गोळ्यांची नोंद ह्या टॅबवरून तुम्हीच पुसलीत. मी शेजारी उभी होते. खटपट्या म्हणाला मी करतो, तर तुम्ही म्हणालात, तिची जबाबदारी माझ्याकडे होती, मीच उतरवतो."

"असं म्हणालो?"

"अगदी असंच."

"रडलो का?"

"नाही. चष्मा मागितलात. पुसून झाल्यावर उरलेल्या गोळ्या पिशवीत भरल्यात, आणि दवाखान्यात नेऊन दिल्यात, कुणाला तरी उपयोगी पडतील म्हणून."

बाबा बराच वेळ हाताच्या तळव्याकडे बघत राहिले. "म्हणजे जमलं होतं मला," ते म्हणाले, आणि आता मात्र रडले. आवाज न करता, खांदे हलवत. खटपट्या त्यांच्या पाठीशी जाऊन उभा राहिला, काय करावं ते न कळून त्यांची कॉलर सारखी करत.

थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे."

मी चष्मा दिला, खटपट्याने टॅब. बाबांनी नोंद शोधली, तिच्यावर बोट ठेवलं. पडद्यावर आलं, नक्की पुसायचं?

"हे परत कशाला विचारतो रे तुझा टॅब?" बाबा खेकसले. "एकदा सांगितलेलं कळत नाही?"

"चुकून हात लागू नये म्हणून, बाबा."

"चुकून," बाबा म्हणाले, आणि 'हो' दाबलं. बेसिनशेजारी चार्जिंगला लावलेल्या आईच्या फोनचा पडदा क्षणभर उजळला. त्यालाही कळलं होतं.

"आता परत येणार नाही ना?"

"नाही. आता कुठल्याच खुणा साफ होणार नाहीत, तसं करून टाकतो."

"फाइल फुगेल म्हणालास ना?"

"फुगू दे," खटपट्या म्हणाला.

बाबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "तो टॅब ठेवेल लक्षात. माझं काही खरं नाही. मी उद्या परत विचारेन. विचारलं तर खरं सांगायचं. मावशीकडे वगैरे नाही. मी एकदा सोसलंय म्हणतेस, तर परत सोसेन. पण मला वेड्यासारखं दारोदार फिरायला लावू नका."

"सांगेन," मी म्हटलं.

त्या दिवशी मी दुकानात गेले नाही. खटपट्या दिवसभर लॅपटॉपवर वाकून बसला, मग रात्री इथेच झोपला. आईचा फोन त्याने पुन्हा पुन्हा वायफायवर आणून पाहिला. नोंद आली नाही.

दुसऱ्या दिवशी टॅब बोलला, "बाबांच्या गोळ्या." बाबांनी घेतल्या, पाणी प्यायले, ग्लास जागेवर ठेवला. खटपट्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग बाबा आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "ही उठली नाही का अजून?"

खटपट्या खाली बघायला लागला. मी गॅस बंद केला, हात पुसले, आणि खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसले.

"बाबा, आई गेली. मागच्या वर्षी."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"तू होतीस तिच्याजवळ?"

"आपण दोघंही होतो, बाबा. तिचा हात तुमच्या हातात होता."

त्यांनी आपला उजवा हात वर केला, उलटासुलटा करून पाहिला, आणि मांडीवर ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले.