टबाच्या बदल्यात गेलेला मोबाईल

मित्रांनो, सध्या मी पोलीस ठाण्याच्या कपाटात एका पारदर्शक पिशवीत पडून आहे. अंगावर पांढरी चिठ्ठी चिकटवली आहे. चोर म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. मी एक जुना मोबाईल आहे. कडा घासल्या, पाठीला चीर गेली, पण डोके अजून शाबूत आहे. सगळे दुखणे त्या शाबूत डोक्याचेच आहे.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तिथले पांढरे दिवे आणि हातमोजे घातलेले हात एवढेच आठवतात. खरे आयुष्य सुरू झाले ते कोकण किनाऱ्यावरच्या आगरदांड्याला. तिथले नजमुद्दीन कुवेतला नोकरी करतात. त्यांनी मला आपल्या बायकोसाठी, कुबराबींसाठी पाठवले. खजूर, अत्तर आणि साबणाच्या वड्यांमध्ये बसून मी आलो. बॅग उघडली तेव्हा सगळ्यांनी आधी मलाच उचलले. खजुरांना राग आला असेल, पण माझा इलाज नव्हता.

त्या आळीत बायकांच्या हाती माझ्यासारखा फोन तेव्हा नव्हता. शेजारच्या कोळी घरांत फोन होते, पण ते पुरुषांबरोबर होडीवर जायचे. खोल समुद्रात रेंज कुठली? बँकेचा मेसेज यायचा तेव्हा फोन पाण्यावर आणि खातेवाली किनाऱ्यावर. मग बायकांनी एक सोपी युक्ती काढली. खात्याला नंबर कुबराबींचा द्यायचा.

सर्वांत आधी मासळी विकणारी मैना आली. तिचा नवरा रावजी होडीवर असायचा.

"कुबराभाभी, तुजा नंबर देव का गो? आमचा फोन रावजीसंगट जातो, तिकडं रेंज न्हाय."

"दे की. यात विचारायचं काय?" कुबराबी म्हणाल्या.

मैनाच्या मागोमाग निम्मी आळी आली. कुणाला सरकारी मदत मिळवायची होती, कुणाला मुलीची शिष्यवृत्ती. दरवेळी कागद शोधायला नकोत म्हणून कुबराबींनी प्रत्येकीच्या आधार कार्डाचा, पासबुकाचा, एटीएम कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो माझ्यात काढून ठेवला. मला कुलूपही लावले नाही. कुबराबी घरात नसल्या तरी कुणालाही आपला मेसेज पाहता यावा, हा त्यामागचा विचार. किती साधी माणसे! आणि मी? मी फुशारून गेलो होतो. दारात कुणी आले की आधी माझी चौकशी व्हायची.

कुबराबी भोळ्या होत्या असे मात्र समजू नका. "तुम्हाला बक्षीस लागलंय," असे सांगणाऱ्या एका भामट्याला त्यांनी असे फैलावर घेतले होते की त्यानेच घाईने फोन ठेवला. अनोळखी माणसाला मेसेजमधला आकडा सांगायचा नाही, हे त्या साऱ्या आळीला बजावत असत.

मग एकदा खाडीपलीकडच्या दिघीहून होडीने येताना जेट्टीवर मी त्यांच्या पिशवीतून निसटलो. दगडावर आपटलो आणि माझी काच काळी पडली. कुबराबी हळहळल्या. नजमुद्दीननी दुसरा फोन पाठवला. माझे सिम काढून त्यात घातले आणि माझी रवानगी फडताळात झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

थोड्या दिवसांनी आळीत मोटारसायकलवर प्लास्टिकचे टब लादलेला फेरीवाला आला. "जुना मोबाईल, फुटका मोबाईल, बंद मोबाईल द्या, टब घ्या!" कुबराबींनी मला बाहेर काढले. त्यांची मुलगी मंतशा म्हणाली, "अम्मी, त्यात फोटो असतील ना?"

"अगं, सिम काढलंय. मेलाय तो."

मी मेलो नव्हतो, मित्रांनो. माझी फक्त काच काळी झाली होती. मला ओरडावेसे वाटत होते आणि कुबराबी फेरीवाल्याशी मोठ्या टबासाठी घासाघीस करत होत्या. शेवटी टबावर एक मगही मिळाला. त्या खूश झाल्या. मी इतर फुटक्या फोनांबरोबर गोणीत गेलो.

कुठल्याशा शहरातल्या एका खोलीत मला नवी काच बसली, वीज मिळाली आणि माझे डोळे उघडले. समोर एक तरुण होता. वाटले, भला माणूस दिसतो. त्याने माझे फोटो उघडले. एक पाहिला, मग दुसरा, आणि खुर्ची पुढे ओढून नीट बसला. मैनाचे आधार, मैनाचे पासबुक, मैनाचे कार्ड. इतका वेळ माझ्याकडे प्रेमाने कुणी पाहिले नव्हते, आणि मला त्याची किळस येत होती.

एका हातात मला धरून त्याने दुसऱ्या फोनवरून, माझ्यातच सापडलेल्या नंबरवर, कुबराबींना फोन लावला. पलीकडून माझ्या कुबराबींचा आवाज आला.

"कुबरा मॅडम, बँकेतून बोलतोय. मैना रावजी यांचं खातं तुमच्या नंबरवर आहे ना?" त्याने मैनाची जन्मतारीख सांगितली, घराचा पत्ता सांगितला, खात्याचे शेवटचे आकडे सांगितले. सगळे माझ्यातून वाचून. "कागद जुने झालेत मॅडम. आज खातं बंद पडेल. आता एक मेसेज येईल, तेवढा आकडा सांगा."

कुबराबी घुटमळल्या. अनोळखी माणसाला सांगायचे नाही, हे त्यांना पाठ होते. पण याला तर सगळेच माहीत होते. हा अनोळखी कसा? शिवाय त्या खात्यात मैनाने होडीच्या नव्या इंजिनासाठी पैसे जमवले होते. ते अडकले तर?

"थांबा हं, चष्मा लावते," त्या म्हणाल्या. आणि एकेक आकडा सावकाश, नीट सांगितला.

मैनाचे खाते रिकामे झाले. पुढे पोलिसांनी त्या खोलीवर छापा घातला आणि मी इथे आलो. पैसे मात्र आले नाहीत. ते केव्हाच भलतीकडे वळवले गेले होते.

परवा मला ओळखण्यासाठी कुबराबींना बोलावले. सोबत मैनाही होती. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. इंजिन घेता आले नाही, रावजी आता दुसऱ्याच्या होडीवर मजुरीला जातो, हे मैनाने पोलीसबाईंना सांगितले. कुबराबींकडे न बघता म्हणाली, "भाभीनं मुद्दाम न्हाय केलं. मना ठावं हाय."

"आळीतल्या सगळ्या बायका घरी आल्या, मॅडम," कुबराबी म्हणाल्या. "बँकेतला माझा नंबर काढून टाकला म्हणून सांगून गेल्या. एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

पोलीसबाईंनी मला सुरू केले. पडद्यावर मैनाचे कार्ड आले. कुबराबी एकदम पुढे झाल्या. "आता तरी पुसून टाका ना हे. माझ्यासमोर पुसा."

"आता नाही पुसता येणार, ताई. केस संपेपर्यंत हा पुरावा आहे. यातलं काहीच काढता येत नाही."

कुबराबींचे पुढे आलेले बोट तसेच राहिले. मी घरी धडधाकट होतो तेव्हा हे पुसायला त्या बोटाला किती वेळ लागला असता? मग त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मैनाने तोंड फिरवले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी खणात माझा एखादा भाऊबंद पडला असेल. तो बंद आहे म्हणून रिकामा आहे असे समजू नका. कुणाला द्यायच्या आधी विश्वासाच्या दुकानात नेऊन त्यातले सगळे तुमच्या समोर पुसून घ्या. ते जमत नसेल तर देऊ नका, टब विकत आणा. आणि दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेले कागद काम झाले की त्याच दिवशी काढून टाका, कारण ते तुमचे नसतातच.

मी बंद पडतो, फुटतो, विकला जातो, पण आपणहून काही विसरत नाही. मला विसरायला लावणे तुमच्या हातात असते, आणि तेही मी तुमच्या हातात असेपर्यंतच.