ताईसाठी मोठी घंटा

आमच्या घरात इंटरनेट आलं. फोन न ठेवता, फोनचं भाडं न भरता, नुसतं इंटरनेट. हे लिहितोय तेव्हाही त्याच्या डबीवरचा हिरवा दिवा चालू आहे.

आता हे मी लिहिलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही. कंपनीच्या म्हणण्यानुसार असं काही घडलेलंच नाही, आणि कंपनी म्हणते ते मानलेलं बरं, नाहीतर पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. तेव्हा आमच्याकडे इंटरनेट नाही असं धरून चला.

इंटरनेट हवं होतं माझ्या ताईला. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि इतकं बोलते की जेवताना आई तिला "आधी हात आवर" म्हणते. यापुढे ताई काही म्हणाली असं मी लिहिलं, तर ते हातांनी म्हणाली असं समजा. ताई माणसांना नावाऐवजी खुणा देते. माझी खूण म्हणजे बदकाच्या चोचीसारखी उघडमीट करणारी बोटं. का, ते विचारू नका. मी सांगत सुटेन.

आजवर ताई ज्या ज्या नोकरीसाठी गेली तिथून एकाच प्रश्नावर परत आली. सगळं छान आहे हो, पण फोन कोण घेणार? गणितात पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी, आणि जगाला तिच्याकडून फक्त फोन घ्यायला हवा होता. मग एक दिवस लांबच्या गावातल्या, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेने तिला गणित शिकवायला नेमलं. घरी बसून, पडद्यावरून. मुलाखतीत फोनचा ‘फ’सुद्धा निघाला नाही. ताई त्या दिवशी आरशासमोर उभी राहून स्वतःशी किती तरी वेळ बोलत होती.

चाचणीचा तास तिने माझ्या मोबाइलवरून घेतला. भागाकार सांगता सांगता चित्र गोठलं आणि तिचा हात हवेतच राहिला. मुलांना वाटलं, हाच धडा. अख्खा वर्ग एकेक हात वर करून बसून राहिला, बाजूला मुख्याध्यापिकाही. नंतर त्यांनी प्रेमाने कळवलं, की पुढचा महिना सुरू व्हायच्या आत घरात तारेचं इंटरनेट घ्या, तुमच्याच नावावर, नाहीतर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल.

आमच्या रस्त्यावर तार आणणारी कंपनी एकच. म्हणून निवड करायला अजिबात वेळ लागला नाही.

कंपनीच्या काउंटरवर एक साहेब होते. ते आधी शिक्का उचलायचे आणि मग समोर कोण आलंय ते बघायचे. रांगेत असतानाच ताईने त्यांची खूण ठरवून टाकली. तळहातावर मूठ आपटायची आणि भलतीकडे बघायचं. आपण त्यांना शिक्केसाहेब म्हणू.

"नुसतं इंटरनेट हवंय," मी म्हणालो. "फोन नको."

"नुसतं मिळत नाही. ते येतं तारेवरून. तार कशाची?"

"फोनची."

"मग?" शिक्केसाहेब म्हणाले, आणि सामना जिंकल्यासारखे घटाघटा पाणी प्यायले.

मी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "त्यांना विचार, मी फोनचं करू काय? लोणचं घालू?"

"साहेब, जोडणी हिच्या नावावर हवीय, आणि हिला ऐकू येत नाही. फोन घेऊन ही काय करणार?"

शिक्केसाहेबांनी पहिल्यांदाच ताईकडे पाहिलं आणि एकदम आवाज चढवला. "अहो बाई, ऐकायची सक्ती नाहीये! फोन घरात ठेवायची आहे!"

अख्खी रांग दचकली. ताई तेवढी शांत होती.

मग त्यांना आमची दया आली. खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "तशी एक सोय आहे. फोनविरहित इंटरनेट. पण ती फक्त आमच्या फोनच्या ग्राहकांसाठी."

"म्हणजे फोन नको असेल तर आधी फोन घ्यायचा?"

"हातात नसलेली वस्तू परत कशी करणार तुम्ही? आधी घ्या, मग नको म्हणा. मग आमच्या कचेरीतून खातरजमेसाठी त्याच फोनवर फोन येईल. ज्यांच्या नावावर जोडणी, त्यांनीच उचलायचा आणि आपल्या तोंडाने सांगायचं, मला फोन नको."

"मेसेज पाठवलात तर? ती लगेच उत्तर देईल."

"मेसेजमागे माणूस आहे की आणखी काय, कळतं का? आवाज आला की माणूस खरा."

हे मी ताईला सांगितलं. ताईने साहेबांच्या शिक्क्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मी खोटी."

"काय म्हणतायत?" शिक्केसाहेबांनी विचारलं.

"विचार करते म्हणतेय," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर ताईने माझा कान पिळला. "मी बोलले एक. तुझे ओठ हलले भलतेच. पुन्हा माझ्या वतीने शहाणपणा केलास तर बघ."

फोन बसवायला कंपनीचा माणूस आला तो शिडी घेऊन. आम्ही तळमजल्यावर राहतो. त्याने शिडी नीट भिंतीला टेकवली आणि आमच्या स्टुलावर चढून काम केलं. त्याची खूण अर्थातच शिडी. इंटरनेटची डबी त्याने खिडकीपाशी लावली, फोन टेबलावर ठेवला, आणि मग पिशवीतून परातीएवढी एक घंटा काढली.

"हे काय?" आईने विचारलं.

"कागदावर शेरा आहे ना, ग्राहकास ऐकू येत नाही. म्हणून साहेबांनी खास मोठी घंटा मंजूर केलीय. कारखान्यात पाळी सुटली की वाजते ती. आता बघू कसं ऐकू येत नाही ते!"

त्याने ती वाजवून दाखवली. कपाटातली भांडी हलली. वरच्या मजल्यावरच्या काकू अंगावर टॉवेल गुंडाळून जिन्यात आल्या आणि "आग कुठे लागलीय?" म्हणून ओरडल्या. समोरच्या घरातल्या तान्ह्या बाळाने जो सूर लावला तो संध्याकाळपर्यंत. ताई पुस्तक वाचत होती. पान उलटून तिने तळहात भिंतीला लावला आणि म्हणाली, "छान आहे की. भिंतीला गुदगुल्या होतायत."

अशा प्रकारे ताईसाठी बसवलेली घंटा ताई सोडून सगळ्यांना ऐकू येऊ लागली. इंटरनेटही सुरू झालं. पण तात्पुरतं. शिक्केसाहेबांनी बजावलं होतं, खातरजमा होईपर्यंत सगळं तात्पुरतं. आम्ही फोन नको असा अर्ज दिला आणि वाट बघत बसलो.

पहिला फोन आईने घेतला.

"मी तिची आई बोलतेय. हो, फोन नकोच आहे आम्हाला."

"ग्राहकांना द्या," पलीकडच्या बाई म्हणाल्या. घंटेच्या मानाने त्यांचा आवाज फारच नाजूक होता.

"अहो, तिला ऐकू येत नाही म्हणूनच तर नकोय."

"हरकत नाही. त्यांना सांगा, मी सावकाश बोलेन."

आईने फोन ठेवला आणि बराच वेळ पदराने वारा घेत बसली. मग मला म्हणाली, "तूच काहीतरी कर रे. एरवी सगळ्यांच्या नकला करतोस."

खरं तर ताईने मला दम दिला होता. पण ती अंघोळीला गेलेली असताना दुसरा फोन आला, आणि मी आवाज बारीक केला.

"ग्राहकच बोलतायत का?"

"हो, मीच."

"आपल्याला फोन नको, बरोबर?"

"हो. मला फोन नको." मी इतकं सुंदर म्हणालो की आईने नजर काढल्यासारखी बोटं मोडली.

पलीकडे कागदांची सळसळ झाली. "बाई, इथे शेरा आहे, ग्राहकास ऐकू येत नाही. मग मी विचारलेलं आपल्याला कळलं कसं?"

मी आईकडे पाहिलं.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? हो म्हणावं तर मी ताई नाही. नाही म्हणावं तर ते ऐकून म्हटल्यासारखं होतं. मी घाबरून फोन ठेवला. मागे ओले केस पुसत ताई उभी होती. तिने भिंतीवरचा हात काढला आणि माझी बदकाची खूण केली, पण यावेळी चोच मिटून घट्ट धरली.

तिसऱ्या वेळी भिंत थरथरली तशी ती स्वतः उठली. टेबलापाशी जाऊन तिने फोन उचलला, सरळ समोर धरला, माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं, आणि मोकळ्या हाताने म्हणाली, "मला फोन नको."

"हॅलो? हॅलो?"

मी पुढे झालो. तिने नजरेनेच मला जागच्या जागी उभं केलं. फोन टेबलावर ठेवून तिने तेच वाक्य पुन्हा सांगितलं, दोन्ही हातांनी, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत दिसावं इतकं ठळक. "मला फोन नको. मला इंटरनेट हवं आहे. मी इथे आहे." मग तिने फोन जागेवर ठेवला आणि पहिल्या तासाची तयारी करायला गेली. इतकं स्वच्छ उत्तर कंपनीला आजवर कोणी दिलं नसेल. पलीकडे पोचली ती फक्त बाहीची सळसळ.

थोड्या दिवसांनी निकाल आला. तो मात्र मेसेजने आला. ‘वारंवार संपर्क साधूनही ग्राहकाचा आवाज आढळून आला नाही. सबब सदर ग्राहक अस्तित्वात नाही असे गृहीत धरून फोन व घंटा परत घेण्यात येत आहे.’

शिडी आला. ताईनेच दार उघडलं, पाणी दिलं, स्टूल पुढे सरकवलं.

"या कोण?" त्याने मला विचारलं.

"याच ग्राहक. मागच्या वेळी यांचीच तर सही घेतलीत."

त्याने कागद पुन्हा वाचला, ताईकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "नाही हो. कागदावर नाहीत." त्याने रिकामा पेला तिच्याच हातात दिला आणि घंटा उतरवली.

"आणि ती डबी?" आईने विचारलं. मी आईला चिमटा काढला.

"डबीचं काही लिहिलेलं नाही. नसलेल्या माणसाची डबी मी कुठे शोधत बसू?" शिडी खांद्यावर घेऊन तो गेला. वरच्या काकूंनी त्याला खिडकीतून हात जोडले.

हिरवा दिवा चालूच राहिला. महिना लागला आणि ताईचा वर्ग सुरू झाला. पडद्यावर अकरा मुलं, अकराही जण एकदम हात हलवत बोलणारी. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि आई दारात उभी राहून म्हणाली, "बाई बाई, केवढा गोंगाट हा!" पहिल्याच दिवशी मुलांनी ताईची खूण ठरवली. हवेत वर राहिलेला हात. चाचणीचा तास मुलं विसरली नव्हती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आमची ताई ही ताई आहे. ती म्हणाली, "पैसे भरून येऊ."

"अगं, कोणी मागितलेत का?"

"मी वापरते, मी भरणार."

शिक्केसाहेबांनी यंत्रात पाहिलं आणि मान हलवली. "नसलेल्या व्यक्तीकडून पैसे घेता येत नाहीत."

"मग ही असायला काय करावं लागेल?"

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "नवीन फोन घ्या."

परतताना ताई रस्ताभर हात खिशात घालून चालली. म्हणजे गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, "अर्ज लिही. मी सांगते तसा. एक शब्द इकडचा तिकडे नको."

"ताई, वेडी आहेस का? अर्ज दिलास तर त्यांना कळेल. तार कापतील. वर्ग जाईल."

"आणि नाही दिला तर मी रोज नसलेली म्हणून शिकवू? मुलं मोठी झाल्यावर त्यांनाही हेच सांगणार हे लोक."

मी खूप विनवलं. शेवटी एवढं ठरलं, की मुलांचे अपूर्णांक पूर्ण होईपर्यंत थांबायचं. मी देवाकडे मागितलं, मुलं ढ निघू देत. पण ताई शिकवते चांगलं. काल अपूर्णांक संपले. आज सकाळपासून ती चपला घालून दारात उभी आहे, आणि मी हा अर्ज पुन्हा एकदा वाचून बघतोय.

‘प्रति, माननीय व्यवस्थापक महोदय. अर्जदार आपल्या इंटरनेटचा वापर करीत असून त्याचे पैसे भरू इच्छिते, परंतु ती अस्तित्वात नसल्याने तसे करता येत नाही. तरी विनंती की, अर्जदार अस्तित्वात आहे आणि अर्जदारास ऐकू येत नाही, या दोन्ही बाबी आपल्या दप्तरी एकाच वेळी मान्य करण्यात याव्यात, आणि तोवर तिची तार कापू नये. याबाबत खातरजमा करावयाची झाल्यास कृपया फोन करू नये. घरी यावे. अर्जदार दारातच उभी आहे.’