सोपवायचा राहिलेला दिवा

माझ्या घरातली मागची खोली वाचावी म्हणून मी ही वाट चाललो, हे आधीच सांगून टाकतो. सासऱ्यांच्या प्रेमापोटी वगैरे काही नाही. मी चष्मे करतो. मागच्या खोलीत माझं काचा घासायचं यंत्र आहे, फ्रेमांचे खण आहेत, आणि दार लावलं की मला कोणी हाक मारत नाही अशी जगातली ती एकमेव जागा आहे. सासरे आमच्याकडे राहायला आले असते, तर त्यांना तीच खोली मिळाली असती.

त्यांना आणायचं हे बायकोने ठरवून टाकलं होतं. ती हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे म्हातारं माणूस दिसलं की तिला आधी त्याचा मोडलेला खुबा दिसतो. सासरे एकटे राहतात आणि रात्री झोपेतून उठून अंधारात गच्चीवर जातात. का, तर बघायला. काय बघायला ते सांगत नाहीत. आयुष्यभर दीपगृहावर दिवा सांभाळला, तेव्हा जागायची सवय राहिली असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण गेल्या खेपेला ते जिन्यावरून घसरले, मनगट मोडलं, आणि सकाळी शेजारीण येईपर्यंत तसेच पायरीवर बसून होते. तेव्हापासून ही हट्टालाच पेटली.

हट्ट कुठून आला हे सासऱ्यांकडे पाहिलं की कळतं. ते म्हणाले, मी माझ्या पायांनी दीपगृहापर्यंत चालून दाखवतो, मग मला माझ्या घरात राहू द्या. ही म्हणाली, कबूल, पण वाटेत एकदाही कोणी हात द्यायचा नाही. हात दिला की बाबा आपल्याकडे. पंच म्हणून मला सोबत धाडलं. मी खोटं बोललो की हिला फोनवरसुद्धा कळतं, हे तिचं म्हणणं. आणि दुर्दैवाने ते खरं आहे.

वाट चांगलीच अवघड आहे. रस्ता जिथे संपतो तिथल्या धक्क्यापासून ती कड्याच्या काठाकाठाने जाते, एक खाडी ओहोटीला पायी ओलांडावी लागते, आणि शेवटी एका कपारीवरून साखळी धरून सरकायचं. पलीकडे दीपगृह. तिथला दिवा आता आपोआप लागतो आणि दिवेवाल्यांची जुनी खोली पायी येणाऱ्या हौशी लोकांना मुक्कामाला देतात. निघताना मी नकाशा घेऊ का म्हणून विचारलं, तर बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोंबडीला अंडं घालायला शिकवतोय. बाबांची अर्धी हयात तिथे गेली, म्हणाली. नकाशा घरीच राहिला.

सुरुवातीला सासरे झपाझप चालत होते. काठी टेकत, टोपी मागे सरकवून. मीच मागे धापा टाकत होतो. "जावईबापू, दुकानात बसून बसून तुमचं लोणी झालंय," असं त्यांनी एकदा मागे न बघताच ऐकवलं. मला बरं वाटलं. म्हातारा पोचणार, खोली वाचणार.

पुढे वाट फुटली. एक फाटा वर झुडपांत शिरत होता, एक खाली समुद्राकडे उतरत होता. सासऱ्यांनी क्षणभर दोन्हीकडे बघितलं आणि खाली काठी केली. आम्ही उतरलो. उतार घसरडा, दगड पायाखालून निसटणारे, आणि तळाशी गेलो तर तीन बाजूंनी कडा आणि चौथीकडे लाटा. वाट तिथेच संपली होती. बहुधा कोणीतरी गळ टाकायला येत असणार, कारण एक फुटका डबा तेवढा पडला होता.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समुद्राकडे बघत होते.

"बाबा, तुम्हाला वाट माहीत आहे ना?"

"मी या वाटेने कधी आलोच नाही," ते म्हणाले. "आम्हाला बोट न्यायची."

माझं डोकंच फिरलं. मग घरी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. बरंच काही विचारलं, ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले की कोणी विचारलं नाही. तेही खरंच होतं. बायको लहान असताना बाबा पिशवी घेऊन ड्यूटीवर निघायचे एवढंच तिला ठाऊक. मी तर लग्नानंतर आलेला माणूस. सगळ्या घराने गृहीत धरलं होतं, आणि म्हाताऱ्याने ते खुशाल धरू दिलं होतं. समुद्रातून हा किनारा मला तोंडपाठ आहे, असंही ते वर म्हणाले. इथून सगळी त्याची पाठच दिसते.

परत चढताना मात्र त्यांचा दम तुटला. दर चार पावलांवर थांबत होते. वर आल्यावर झुडपामागच्या दगडावर खुणेचा पिवळा पट्टा ढळढळीत दिसला, तेव्हा मला त्या पट्ट्याचाही राग आला. ते दगडावर टेकले, ओठ पांढरे पडले होते. परत फिरू या, असं मी म्हणालो. खोलीचा विचार त्या क्षणी माझ्या मनात नव्हता, मी घाबरलो होतो.

ते नको म्हणाले. आणि मग, इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

दिव्यावर पाळी बदलायची एक रीत होती. रात्री पाळी संपणारा माणूस नव्या माणसाला दिव्याची हालत सांगणार: काच कशी आहे, वारा कुठला, बोटी किती. नवा माणूस मोठ्याने म्हणणार, "घेतला." तो शब्द ऐकल्याशिवाय पहिल्याने जिना उतरायचा नाही, आजारी असला तरी. शेवटच्या दिवशी दिवा आपोआप लावणारं यंत्र बसवायला माणसं आली. त्यांनी पेटीचं झाकण लावलं, हात पुसले, आणि झालं, चला, म्हणाले. खाली बोट थांबली होती. सासरे त्या बोटीत बसले.

"कोणी घेतला नाही," ते म्हणाले. "मग झोप कशी लागणार? डोळा लागला की वाटतं, दिवा माझ्याकडेच आहे."

म्हणजे ते गच्चीवर यासाठी जात होते. शहरात, समुद्र दिसतही नाही अशा घराच्या गच्चीवर. मी त्यांना पाणी दिलं आणि बुटाची नाडी उगाचच सोडून पुन्हा बांधली.

चुकलेल्या वाटेने आमचा वेळ खाल्ला होता. खाडीवर पोचलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. मधोमध गेल्यावर ते गुडघ्यांच्या वर आलं, सासऱ्यांची काठी वाळूत रुतली आणि ते डगमगले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हाक मारली नाही. मी त्यांचं धड मनगट धरलं. मनगट म्हणजे हात नव्हे, असं मी पलीकडे पोचेपर्यंत स्वतःला बजावत होतो. साखळीच्या कपारीवर मात्र त्यांनी मला हातही लावू दिला नाही. तिथे मीच दोन्ही हातांनी साखळी कवटाळून सरकत होतो, आणि ते मागून, खाली बघू नका, खाली बघू नका, म्हणत होते, त्यामुळे मी सारखा खालीच बघत होतो.

दिवस मावळताना दीपगृह आलं. खोलीत आता एकावर एक खाटा आहेत आणि भिंतीवर भांडी घासून ठेवावीत अशी सूचना. सासऱ्यांनी आपली जुनी खिडकी उघडून बघितली, बिजागरीला तेल नाही म्हणून कुरकुरले. मनोऱ्याच्या दाराला कुलूप होतं. मी पायरीवर बसून बूट काढले, फोड आलेले पाय वाऱ्याला धरले. तेवढ्यात वर दिवा आपोआप लागला.

"एवढासा?" सासरे म्हणाले.

मग ते मनोऱ्याच्या दाराशी गेले, टोपी नीट केली आणि ताठ उभे राहिले. "काच स्वच्छ. वारा पश्चिमेचा. बोटी दोन, दोन्ही लांब. दिवा चालू." तसेच उभे राहिले. कुलपाकडे तोंड करून.

मला जरा उशिराच उमगलं. मी अनवाणीच उठलो, खडे टोचत होते, त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "घेतला."

"मोठ्याने," ते म्हणाले.

"दिवा घेतला."

त्यांनी मान हलवली. खोलीत जाऊन जेवण न करता आडवे झाले. मी डबा उघडेपर्यंत घोरायला लागले होते.

सकाळी ते ऊन चांगलं वर आल्यावर उठले. चहा घेताना मी विचारलं की आता मी तो कोणाला सोपवू. तुमचं तुम्ही बघा, म्हणाले, आणि दुसरा कप मागितला.

रेंज फक्त मनोऱ्याच्या भिंतीशी मिळत होती. बायकोने पहिलाच प्रश्न केला, हात दिलास का? मी खाडीचं सांगितलं. मनगटाचं सांगून बघायचा विचार होता, पण नाही सांगितलं. अट मोडली, मी म्हणालो, खोली मी आल्यावर रिकामी करतो. हे म्हणताना मला वाईट वाटलं नाही याचं मलाच नवल वाटलं.

तिने विचारलं, "रात्री उठले होते?"

"नाही. एकदाही नाही. तुला सगळं आल्यावर सांगतो, पण आता ते उठणार नाहीत असं मला वाटतं."

ती रडत होती. माझ्यासमोर ती फारशी रडत नाही. नाक ओढून म्हणाली की मग राहू देत त्यांना त्यांच्या घरी. आणि लगेच तिचा नर्सचा आवाज परत आला. "पण ते उठले नाहीत हे तुला कसं माहीत? तू तर झोपलास की मेल्यासारखा पडतोस."

"मी जागा होतो. मधून मधून बाहेर येऊन बघत होतो."

"काय बघत होतास?"

मी वर बघितलं. उन्हात दिवा बंद होता, काचेवर एक पक्षी बसला होता.

"दिवा," मी म्हणालो. "माझ्याकडे होता ना."