फाइनचा पारखी

हिंगोलीच्या कापूस बाजारात उकंडरावांचा हात कापसानं भरलेल्या बैलबंडीत गेला की कोपरापर्यंत जायचा. वरवरचा कापूस चाचपून बोलणारे पारखी पुष्कळ होते. उकंडराव मात्र बंडीच्या पोटात हात घालून तळातली मूठ उपसायचे, दोन्ही अंगठ्यांत चिमूटभर कापूस धरून धागा ओढायचे, तो कुठं तुटतो ते बघायचे आणि मगच शब्द बोलायचे. तो शब्द गेला की गेला. हातात कापूस असताना बोललेलं फिरवायचं नाही, हा त्या बाजाराचा रिवाज होता आणि अडत्यापासून बंडीवाल्यापर्यंत सगळे तो पाळायचे.

शब्द इंग्रजी होते. प्रतीच्या चढत्या क्रमानं गुड, फुल्ली गुड, फाइन, सुपरफाइन. मुंबईच्या एका पेढीचा पारशी बाबू हंगामात यायचा, त्यानं ते शिकवले होते. मुलूख निजामाचा, कागद उर्दूत, भांडण मराठीत आणि कापसाची प्रत इंग्रजीत, असा सगळा मामला!

या चारांतला ‘फाइन’ उकंडरावांच्या जिभेवर बसला. बाबूच्या तोंडी तर तो दिवसभर असायचा. लांब धाग्याचा कापूस फाइन हे ठीकच, पण तलम मलमल फाइन, बारीक दळलेलं पीठ फाइन, वस्तऱ्याची धार फाइन, आभाळ निवळलं की हवाही फाइन. एकदा बाबूला हिवताप आला. उकंडराव खुशाली विचारायला गेले तर तो थंडीनं कुडकुडत म्हणाला, “फाइन.” उकंडरावांनी बाहेर येऊन कपाळाला हात लावला. अरे, आपल्याकडं तलम वेगळं, बारीक वेगळं, झकास वेगळं, ठणठणीत वेगळं. आणि ही माणसं एका शब्दावर सगळा संसार चालवतात? काय म्हणावं या चिक्कूपणाला!

म्हणाले असं, पण वळण लागलं ते लागलंच. घरी चहा फाइन, बैल फाइन, ठेचा फाइन. त्यांची बायको नर्मदाबाई वैतागून म्हणायची, “एक दिवस मला बी फाइन म्हणा म्हंजी झालं.” लेक मंजुळा तर तो शब्द खेळण्यासारखा घरभर घेऊन फिरायची. उकंडरावांचा हिशेब साधा होता. बाजारात, हातात कापूस असताना, ‘फाइन’ म्हणजे सोनं. बाजाराबाहेर त्याला काही मोल नाही, कुणाला द्यावा, कितीही द्यावा.

मंजुळेचं लग्नही त्यांनी तसंच केलं. साखऱ्याचे तातेराव, चांगलं जमीनजुमल्याचं घर. उकंडराव एकदाच जाऊन आले. ओटा सारवलेला, दावणीला चार बैल, तातेरावांचा फेटा पांढराशुभ्र, मुलगा संतराम खाली मान घालून बोलणारा. परत येऊन म्हणाले, “घर फाइन हाय.”

“शेजारीपाजारी इचारलं का? त्या घरी सुना कशा नांदत्यात?” नर्मदाबाईनं विचारलं.

“शितावरून भाताची परीक्षा करावी माणसानं.”

“भाताची करावी, माणसाची न्हाई. वरून कीर्तन अन् आतून तमाशा, असली घरं थोडी हायेत व्हय?”

पण उकंडरावांना घाई होती. वैशाखात लग्न झालं. पंगतीत त्यांनी बुंदीला फाइन म्हटलं, वाजंत्र्याला फाइन म्हटलं, व्याह्याच्या फेट्याला फाइन म्हटलं. तातेरावांनी ते मनात ठेवलं. हा माणूस आपला झाला, याचा शब्द आता आपल्या घरचा, असं त्यांनी धरून चालायला सुरुवात केली.

पौषात तातेरावांची बंडी बाजारात आली. उकंडरावांनी आधी हात जोडले, खुशाली विचारली, चहा पाजला आणि मग बाही वर सारली. वरचा थर चांदण्यासारखा पांढरा होता. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना गार लागलं. उपसलेली मूठ ओली होती, त्यात पिवळी पडलेली, किडक्या बोंडांची कवडी मिसळलेली होती, आणि धागा ओढायच्या आत तुटला.

तातेराव हसत शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, “म्हणा की व्याही. लग्नात तर वाजंत्र्याला बी म्हणला व्हता.”

लेक त्या घरात आहे, एवढंच उकंडरावांना दिसत होतं. पण मूठ त्यांच्या हातात होती आणि सगळा बाजार बघत होता.

“गुड बी न्हाई,” ते म्हणाले. “ओला हाय.”

तातेरावांनी बंडी जुंपली आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “संक्रांतीला लेकीची वाट बघू नका.”

पहिल्या संक्रांतीला लेक माहेरी यायची नाही, म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. पण नर्मदाबाईला गावाचं काही पडलं नव्हतं. ती म्हणाली, “तुमचं खरं व्हतं, मी न्हाई म्हणत न्हाई. पण त्याचा राग तिच्या ताटात पडंल. जाऊन घेऊन या माझ्या लेकराला.”

उकंडराव दुपारी बंडी घेऊन निघाले आणि सेनगावी मुक्काम करून सकाळी साखऱ्याला पोचले. ओटा तसाच सारवलेला होता. तातेरावांनी बसायला घोंगडी टाकली, पाण्याचं विचारलं नाही. विहीणबाई गोजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. जावई संतराम खांबाला टेकून राहिला.

“काहून येणं केलं?” तातेराव म्हणाले.

“लेकीला न्यायला. सण हाय.”

तातेराव आत गेले आणि मूठभर कापूस घेऊन आले. त्यांनी तो उकंडरावांच्या हातात ठेवला. “हा तोच कापूस, आता वाळलाय. इथं बाजार न्हाई, कुणी परकं न्हाई. घरातल्या घरात एकदा म्हणा फाइन, अन् लेकीला घेऊन जा. तुमचं काय जातं?”

खरंच, काय जात होतं? इथं अडते नव्हते, बाबू नव्हता. आयुष्यभर हा शब्द त्यांनी चहावर आणि ठेच्यावर उधळला होता. आज एकदा लेकीसाठी उधळला तर कोणता देव कोपणार होता? रिवाज गेला चुलीत, असं त्यांच्या मनात स्पष्ट आलं आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलंही.

तेवढ्यात मंजुळा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. तिनं वाकून तांब्या पुढं केला.

“कशी हायस, माय?” उकंडरावांनी विचारलं.

“फाइन हाय मी, आबा.”

“बघा!” गोजरबाई दारातून म्हणाल्या. “लेक बी तेच म्हणून राहिली. काय कमी हाय तिला इथं?”

मंजुळा हसली होती. पण ते हसू वरच्या थराचं होतं, आणि उकंडरावांनी आयुष्य वरच्या थराखाली हात घालण्यात घालवलं होतं. त्यांनी तांब्या घेतला नाही. तिचं मनगट धरून वर केलं. बांगड्या घसरत पार कोपरापर्यंत गेल्या. लग्नात चढवताना कासाराच्या नाकी नऊ आले होते, त्याच या बांगड्या, आणि आता पडू नयेत म्हणून त्यांना दोरा गुंडाळला होता. त्यांनी हात थोडा उलटा केला. कोपराच्या वर, मागच्या बाजूला, उलथन्याच्या पात्याएवढा काळा डाग होता. त्याच्या शेजारी दुसरा, अजून ओला.

“हे काय?”

“भाकर करताना चटका बसला, आबा.”

“कोपराच्या मागं भाकर कोण करतं गं?”

गोजरबाई आत सरकल्या. संतराम जमिनीकडं बघत राहिला, आणि त्या बघण्यानं उकंडरावांची उरलीसुरली शंकाही गेली. त्यांना स्वतःचीच शरम वाटली. परक्याच्या बंडीत कोपरापर्यंत हात घालणारा हा पारखी, आणि पोटची पोर द्यायच्या वेळी ओटा आणि फेटा बघून परत आला होता.

त्यांनी हातातला कापूस घोंगडीवर ठेवला.

“तातेराव, तुमच्या कापसाचा राग सोडा. चूक माझीच झाली, पण ती बाजारात न्हाई, इथं झाली. मंजुळे, चल. बंडीत बस.”

तातेराव ताडकन उठले. “बाजारात इज्जत घेतली, आता घरात येऊन घेता? आज नेली तर परत या दारात उभी करायची न्हाई. सांगून ठेवतो!”

“बराबर हाय,” उकंडराव म्हणाले. “न्हाई करणार.”

मंजुळा जागीच उभी होती. नवऱ्याकडं बघावं, सासऱ्याकडं बघावं की बापाकडं, हे तिला समजेना. उकंडरावांनी पुन्हा हाक मारली नाही. तिच्या हातातला तांब्या घेऊन त्यांनी ओट्यावर ठेवला आणि ते बैल जुंपायला गेले. जोखडाच्या शिवळा अडकवून होईतोवर ती अनवाणीच येऊन बंडीत बसली होती. संतराम मागं चार पावलं आला आणि तिच्या चपला बंडीत टाकून गेला. त्याचा राग करावा की कीव, हे उकंडरावांना पुढंही कधी ठरवता आलं नाही.

वाटेत सेनगावच्या पुढं उकंडरावांनी एकदाच विचारलं, “मला आधी काहून सांगितलं न्हाई?”

“तुमी सगळ्यांला सांगत व्हता, आबा, माझ्या लेकीला फाइन घर मिळालं म्हणून,” मंजुळा म्हणाली. “मग मी कसं सांगू?”

उकंडरावांनी बैलांच्या पाठीवर उगाच हात फिरवला.

दिवस मावळायच्या आत ते घरी पोचले. नर्मदाबाईनं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला ऊन पाणी दिलं, आणि चुलीपाशी पाट मांडून ताट वाढलं. मंजुळेनं दोन घास खाल्ले. तिच्या हातातल्या सैल बांगड्या आईनं बघितल्या.

“कशी हायस, बाई?” एवढंच ती म्हणाली.

मंजुळेनं तोंड उघडलं. दारात बसलेल्या उकंडरावांनी मान वर केली.

“बरी न्हाई, माय,” ती म्हणाली आणि ढसाढसा रडू लागली. नर्मदाबाईनं ताट बाजूला सारलं आणि तिला जवळ ओढून घेतलं.