दोन गल्ल्यांपलीकडचे औषध

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. घरातली नव्हे, इस्पितळातली. माझ्या पायथ्याशी एक हँडल आहे. ते फिरवले की माझी डोक्याकडची बाजू वर उचलली जाते. आता त्या हँडलची मूठ गेली आहे आणि तिथे चिंधी गुंडाळली आहे. रंगही जागोजागी उडाला आहे. पण मला माझ्याविषयी थोडे आणि माझ्यावर झोपलेल्या दोन माणसांविषयी जास्त सांगायचे आहे.

मला घडवणारा वेल्डर चांगला जाडजूड होता. शेवटचा सांधा थंड झाल्यावर तो स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि या कुशीवरून त्या कुशीवर वळला. सोबती हसले, "काय रे, कामावरच ताणून दिलीस?" तो म्हणाला, "हिच्यावर आजारी माणूस झोपणार. ही कुरकुरली तर त्याचा डोळा लागायचा नाही." त्याने उठून एक नट पुन्हा आवळला. पुढे दहा वर्षे मी कुरकुरले नाही.

मला एका इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवले. त्या विभागाचे नाव होते वेदनाशमन विभाग. ज्यांचा आजार बरा होणार नाही अशी माणसे तिथे येत. आजार जात नसे, पण दुखणे कमी करता येई, धाप कमी करता येई, भीतीसुद्धा कमी करता येई. चष्म्याला दोरी बांधलेल्या एक सिस्टर तिथल्या प्रमुख होत्या. त्या प्रत्येकाला विचारत, "दुखणं दहापैकी किती?" एकदा एक आजोबा कण्हत म्हणाले, "पंधरा." सिस्टर म्हणाल्या, "बरं, आधी पंधराचं दहा करू. मग खाली बघू." दोन दिवसांनी तेच आजोबा माझ्यावर बसून चहा गार आहे म्हणून मुलाशी भांडत होते. सिस्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी दुसरा चहा स्वतः आणून दिला.

मला वाटे, जगातल्या सगळ्या खाटांवर असेच असते. केवढी भाबडी होते मी.

मग बटण दाबले की उचलल्या जाणाऱ्या नव्या खाटा आल्या. मला जिन्याखाली ढकलले. दोन वर्षे माझ्यावर बादल्या, खराटे आणि एक मोडका पंखा झोपला. शेवटी मला एका वृद्धाश्रमाला देऊन टाकले. आश्रम इतका जवळ होता की हमालांनी मला टेम्पोत चढवले आणि त्यांचा घाम वाळायच्या आत उतरवलेही. मध्ये फक्त दोन गल्ल्या होत्या.

तिथे शेवटच्या खोलीत एक म्हातारे जोडपे राहत होते. त्यांना मूलबाळ नव्हते. आजोबा घड्याळे दुरुस्त करीत. आजींनी चाळीस वर्षे टायपिंग शिकवले होते, म्हणून सगळे त्यांना 'बाई' म्हणत. बाईंचा कॅन्सर पाठीच्या हाडांत उतरला होता. माझ्याच जुन्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते, 'आता करण्यासारखे काही नाही. घरी न्यावे, सेवा करावी.' आजोबांनी विचारले होते, "सेवा म्हणजे नक्की काय करू?" तोवर डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले होते. त्याच इमारतीत तिसरा मजला होता, पण तिकडे जा असे त्यांना कोणी सांगितले नाही.

बाईंना माझ्यावर झोपवले तेव्हा मला आशा वाटली. आता दोरीच्या चष्म्याच्या कोणीतरी सिस्टर येतील आणि दहापैकी किती, असे विचारतील. कोणी आले नाही.

बाईंचे सगळे एक मावशी करीत. आश्रमात आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, त्या गोळ्यांनी काही होत नाही. चादर बदलायला हात लावला तरी बाईंचे डोळे पांढरे होतात."

"मॉर्फिन लागेल त्यांना," डॉक्टर म्हणाले. "पण ते ठेवायला परवानगी लागते. आपल्याकडे नाही. शिवाय त्याची सवय लागते म्हणतात."

"सवय लागायला दिवस कुठे राहिलेत त्यांच्याकडे?"

डॉक्टरांनी पुन्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या. ते वाईट नव्हते, त्यांना माहीत नव्हते. व्यवस्थापक म्हणाले, "हा आश्रम आहे, इस्पितळ नाही." इस्पितळात फोन केला तर तिकडून आवाज आला, "त्या आता आमच्याकडे दाखल नाहीत." प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता आणि बाई माझ्यावर तळमळत होत्या.

दुखणे वाढले की बाईंची बोटे माझ्या कठड्यावर भराभर आपटत. सगळ्यांना तो कंप वाटे. पण ठरावीक वेळाने त्या डाव्या हाताने कठडा ढकलत, ओळ संपल्यावर टाइपरायटरचा दांडा ढकलावा तसा. आजोबांच्या ते लक्षात आले. एका दुपारी त्यांनी विचारले, "अगं, काय टाइप करतेस?"

"अर्ज."

"कुणाला?"

बाईंनी बराच वेळ श्वास गोळा केला. "तेच तर कळत नाही हो. कुणाच्या नावे करायचा?"

आजोबांनी काठी घेतली आणि ते इस्पितळाकडे निघाले. खिडकीवरच्या माणसाने सांगितले, "पेशंटला इथे आणा." दुसऱ्या दिवशी स्ट्रेचर आले. चौघांनी बाईंना जेमतेम वीतभर उचलले असेल, त्या अशा ओरडल्या की आजोबांनीच हात जोडले, "ठेवा. परत ठेवा तिला." तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि इस्पितळाच्या पायरीवर बसून राहिले. तिथे झाडलोट करणारीने विचारपूस केली. सगळे ऐकून ती म्हणाली, "अहो, मग इथे काय बसलात? तिसऱ्या मजल्यावर जा."

दोरीच्या चष्म्याच्या त्याच सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले. मॉर्फिन लिहून देणारे डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते. "उद्या दहाला त्यांना घेऊन येते," त्या म्हणाल्या. आजोबांनी परत येऊन बाईंच्या कानाशी तोंड नेले. "उद्या दहाला," ते म्हणाले. बाईंनी मान हलवली.

बाई सकाळी आठला गेल्या. त्यांच्या मुठीत माझ्यावरची चादर होती. मावशींना एकेक बोट सोडवावे लागले.

दहाच्या ठोक्याला सिस्टर दारात उभ्या राहिल्या, हातात औषधांची पिशवी आणि मागे डॉक्टर. मावशी मला ओल्या फडक्याने पुसत होत्या. सिस्टरांनी पिशवी खाली ठेवली.

"किती दिवस दुखत होतं?"

"एकोणीस," आजोबा म्हणाले. मग त्यांनी विचारले, "तुम्ही रोज तिथेच असता का?"

"हो. बारा वर्षं झाली."

"एवढ्या जवळ," आजोबा म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. सिस्टर तिथेच खुर्चीत बसल्या.

त्या पुढच्या मंगळवारी पुन्हा आल्या आणि मग दर मंगळवारी येत राहिल्या. त्यांनी परवानगीचे कागद आणले. व्यवस्थापक कुरकुरले, "लोक म्हणतील, इथे माणसं मरायला ठेवतात." मावशी दाराशीच होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, माणसं कुठेही मरतातच. आपण त्यांना ओरडत मरू देतो." व्यवस्थापकांनी सही केली. औषध कधी, किती द्यायचे, नोंद कशी ठेवायची, कोरडे पडलेले तोंड कसे ओले करायचे, हे मावशी शिकल्या. आश्रमाचे डॉक्टरही वही घेऊन त्यांच्या शेजारी बसले. "आम्हाला हे कुणी शिकवलंच नव्हतं," ते हळूच म्हणाले.

चौदा महिन्यांनी आजोबांचे हृदय थकले. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे ते श्वासासाठी तडफडू लागले. ते माझ्यावरच झोपले. मावशींनी हँडल फिरवून त्यांना टेकवून बसवले, तोंडावर वारा येईल असा पंखा ठेवला आणि सिस्टरांनी सांगितले होते तेवढे मॉर्फिन चमच्याने पाजले. काही वेळाने त्यांची छाती संथ झाली. खांदे खाली आले. आणि मग ते रडू लागले.

"काय होतंय आजोबा? धाप लागते?"

"नाही. थांबली." त्यांनी रिकाम्या चमच्याकडे बोट दाखवले. "एवढंच असतं का हे?"

"हो, एवढंच."

"तिला हे पुरलं असतं गं."

 मावशींनी चमचा धुवायला नेला आणि नळ नुसता वाहू दिला.

पाचव्या दिवशी दुपारी आजोबा शांतपणे गेले. त्यांचा हात मावशींच्या हातात होता. पाहुणे येतात तेव्हा व्यवस्थापक आता माझी खोली अभिमानाने दाखवतात. माझे कौतुक होते. पण त्या एकोणीस दिवसांचे काय, हे मला कोणी सांगू शकत नाही.

मित्रांनो, या आश्रमाच्या पुढच्या रस्त्यावर आणखी एक आश्रम आहे. तिथे मंगळवारी कोणी जात नाही. लांबच्या वस्तीत तर तसा तिसरा मजला असलेले इस्पितळच नाही. तिथेही खाटा आहेत आणि त्यांवर माणसे आहेत. मला रंग द्या, नवी मूठ बसवा, असे मी म्हणणार नाही. तुमच्या ओळखीच्या कोणाला 'आता करण्यासारखे काही नाही' असे सांगून घरी पाठवले, तर ते खरे मानू नका. दुखणे कमी करणारे कुठे भेटतात, ते विचारा. एका खिडकीवर उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या खिडकीवर विचारा. आणि विचारायला उद्याची वाट पाहू नका.