उखर्डू आबांची अखंड झोप

उखर्डू आबांना तीन रात्री झोप लागली नव्हती, आणि या गोष्टीचा खरा आनंद दिपमालाला झाला होता.

दिपमाला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. 'झोप आणि विश्रांती' या धड्यावर तिला केस करून दाखवायची होती. झोप न लागणारा रुग्ण शोधायचा, गोळीशिवाय झोपवायचा, आणि कॉलेजच्या सुलक्षणा मॅडम पाहायला येतील तेव्हा तो झोपलेला असायला हवा. पहिल्या खेपेला तिचा रुग्ण मॅडमच्या पावलांचा आवाज येताच उठून बसला होता आणि "चहा भेटंल का, सिस्टर?" म्हणाला होता. आता ही शेवटची संधी. ही गेली तर वार्षिक परीक्षेचा फॉर्म भरता येणार नव्हता, आणि शिंदखेड्याला जाऊन वडिलांना तसं सांगावं लागणार होतं. धुळ्याच्या त्या रुग्णालयात झोप न लागणाऱ्यांची टंचाई नव्हती. पण आबांसारखा सांगितलेलं ऐकणारा माणूस विरळा.

आबा पायाच्या जखमेसाठी भरती होते. साखरेचं दुखणं जुनं, म्हणून जेवणाआधी इन्सुलिन.

सकाळपासून दिपमालाने पुस्तकात होतं ते सगळं केलं. खिडकीवर चादर टांगली. आबांचे हात-तोंड कोमट पाण्याने पुसले, पाठ चोळून दिली. शेजारच्या खाटेवरचे पितांबर नाना मोबाईलवर मोठ्याने भजनं ऐकत असत. त्यांना हात जोडून गप्प केलं. खाटेला पाटी बांधली : 'रुग्ण झोपला आहे. उठवू नये.' पाटी बांधली तेव्हा आबा टक्क जागे होते. त्यांनी ती दोनदा वाचली.

पाटी कोणी वाचत नाही हे जाणून तिने आबांच्या बायकोला, सुंदरबाईंना, पहाऱ्याला बसवलं.

"अक्का, काही झालं तरी यांना कोणी उठवायचं नाही. डॉक्टर आले तरी."

"तू दखच आते," म्हणत सुंदरबाईंनी स्टूल ओढला आणि काठी मांडीवर आडवी घेतली. या बाईने एकटीने भुईमूग डुकरांपासून राखला होता. डॉक्टर म्हणजे काय मोठी गोष्ट!

पावणेबाराला सविता सिस्टर इन्सुलिन टोचून गेल्या. "जेवण वेळेवर द्या हं," एवढं जाता जाता म्हणाल्या. बाराला आबांचा डोळा लागला. सव्वाबाराला जेवणाची गाडी ताटं वाजवत आली, आणि सुंदरबाईंची काठी उभी राहिली. तंटा नको म्हणून दिपमालानेच आबांचं ताट उतरवून घेतलं, वर दुसरं ताट झाकलं आणि कपाटावर ठेवलं. "उठले की जेवतील." मग ती तक्त्यात श्वास मोजून लिहीत बसली. सोळा. सोळा. अठरा. इतकी सुंदर झोप तिने पुस्तकातसुद्धा पाहिली नव्हती.

दोनला दहा मिनिटं असताना ती पुन्हा मोजायला वाकली. आबांच्या कपाळावर घाम होता.

जानेवारीचे दिवस. पितांबर नाना कानटोपी घालून दोन घोंगड्यांत शिरलेले. आणि आबांचा सदरा पाठीला चिकटलेला.

"अक्का, यांना घाम कसा?"

"ताप उतरना. चांगलं लक्षण शे."

दिपमालालाही ते फार पटावंसं वाटलं. मॅडम यायला पंचवीस मिनिटं होती. स्वप्नाच्या झोपेत श्वास वरखाली होतो, हे तिला पाठ होतं. घामाचंही काही असेल. मग तिने हात लावला. कपाळ गार होतं. आणि त्याच धड्याची पहिली ओळ, जी दोन गुणांसाठी घोकली होती, आता उगाच आठवली : झोप म्हणजे ज्यातून माणसाला जागं करता येतं अशी अवस्था.

आणि तिची नजर कपाटावरच्या झाकल्या ताटाकडे गेली.

"आबा," ती हळूच म्हणाली. मग मोठ्याने, "आबा!"

सुंदरबाईंनी तिचं मनगट धरलं. "तूच सांगं ना, उठाडानं नही म्हणून? तीन दिनमा आते कोठे त्यास्ना डोया लागना शे."

"अक्का, हात सोडा."

"तुनी मॅडम उनी तरी नही उठाडू देवाव."

"ही झोप नाही, अक्का!"

कळ लागून तरी जागे व्हावेत म्हणून तिने दुसऱ्या हाताने आबांच्या छातीच्या हाडावर मूठ जोरात घासली. आबा नुसते कण्हले. डोळे उघडले नाहीत. सुंदरबाईंची पकड आपोआप सुटली. काठी खाली पडली, तिचा एवढा आवाज झाला की अख्खा वॉर्ड जागा झाला; आबा सोडून.

"सिस्टर! सविता सिस्टर!"

सिस्टर धावत आल्या, बोटातून थेंब काढला, यंत्राने साखरेचा आकडा दाखवला : अडतीस, हवी त्याच्या निम्मीसुद्धा नाही. "जेवले होते ना?"

"नाही. मी उठवलं नाही."

सुंदरबाईंनी पदराच्या गाठीतून गूळ काढला आणि आबांच्या ओठांशी नेला. दिपमालाने तो अडवला. "घशात अडकेल, अक्का. आता शिरेतूनच." सिस्टरांनी डॉक्टरांना हाक मारायला माणूस पिटाळला आणि ग्लुकोज सोडायला घेतलं. दिपमाला आबांचा हात घट्ट धरून उभी राहिली. एक मिनिट गेलं. दोन. सुंदरबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या आणि पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर हलत होती.

चौथ्या मिनिटाला आबांनी डोळे उघडले. सगळ्यांकडे पाहिलं.

"भारी झोप लागेल व्हती," ते म्हणाले. "कसाले उठाडं, पोरी?"

सुंदरबाई पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. आबांना काहीच समजेना, म्हणून त्यांनी पितांबर नानांना विचारलं, "कोन गयं?"

सव्वादोनला सुलक्षणा मॅडम दारात. रुग्ण उठून बसलेला, सहा माणसं भोवती, सुंदरबाई ताटातलं वरण-भात भरवताहेत. मॅडमनी सविता सिस्टरांकडून सगळं ऐकून घेतलं आणि केसचा तक्ता मागितला. 'अखंड झोप : किती तास' हा रकाना रिकामा होता.

"भर," मॅडम म्हणाल्या.

दोन तास लिहिलं असतं तर कोण खोटं म्हणणार होतं? दिपमालाने लिहिलं : 'बारापासून झोप. केव्हापासून बेशुद्धी, माहीत नाही. इन्सुलिननंतर जेवणासाठी मी उठवलं नाही.' खाली सही केली.

मॅडमनी ते सावकाश वाचलं. "वीस वर्षं मी हा रकाना तपासतेय. सगळे रुग्ण आठ-आठ तास झोपलेले. 'माहीत नाही' आजच वाचलं." त्यांनी पाटी सोडून तिच्या हातात दिली. "या केसला शून्य. घडलं त्याचा अहवाल संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर. आणि केस उद्या दुपारी पुन्हा. आधी जेवण, मग झोप. पेशंट हाच."

"म्हणजे परीक्षेचा फॉर्म..."

"उद्या झोपले तर भरशील."

दिपमालाने सुटकेचा श्वास सोडला आणि आबांकडे वळून पाहिलं. जेवण अंगावर येऊन त्यांची पापणी जड झाली होती, मान कलत होती. सुंदरबाईंनी खाली वाकून काठी उचलली आणि आबांच्या बरगडीत टोचली.

"ओ! जागा शेतस ना?"

"शे ना, माय," आबा दचकून म्हणाले.

"मंग डोया उघडा ठेवा. आते मी जित्ती शे तवलोंग तुम्हले झोपू देत नही."

दिपमालाने दुसरा स्टूल ओढला आणि सुंदरबाईंच्या शेजारी जाऊन बसली. अक्कांना राजी करायला तिच्या हातात चोवीस तास होते.