चौसष्टाव्या पानावर उगारलेली मूठ

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. पण धड एक म्हणावं तर एक नाही, दोन म्हणावं तर दोनही नाही. माझं पहिलं अर्धं अंग एका गुप्तहेराचं आणि उरलेलं दुसऱ्याचं. बाकीची पुस्तकं मिटली की निवांत पडून राहतात. मला कितीही घट्ट मिटा, माझ्या पोटात कुणीतरी मूठ उगारून उभाच असतो. ती मूठ खाली येत नाही आणि उघडतही नाही. मग मला चैन कुठून पडावी?

माझा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक लांबट खोली. खळीचा आंबूस वास, दाबाखाली ठेवलेल्या वह्यापुस्तकांचे ढीग आणि खिडकीला लागून एक टेबल. छापखान्यातून मोठाले छापील कागद यायचे. त्यांच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक जुडगा व्हायचा. त्याला फर्मा म्हणतात. असे आठ फर्मे ओळीने एकावर एक ठेवायचे, दोऱ्याने शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. ऐकायला सोपं आहे, पण एक फर्मा इकडचा तिकडे गेला की सगळी गोष्ट वाट चुकते.

त्या टेबलाशी दोन जावा काम करत. थोरली वीस वर्षं तिथे होती आणि वीस वर्षांत तिच्या हातून एकही फर्मा चुकला नव्हता. हे तीच सगळ्यांना सांगायची, आणि खोटं नव्हतं. धाकटीला तिनेच मालकांकडे रदबदली करून कामाला लावलं होतं. धाकटी नवी होती, हाताने सावकाश होती. मालकांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एक चूक चालवून घेईन. दुसरी नाही." आणि पहिली चूक पहिल्या आठवड्यातच होऊन गेली होती.

थोरली घड्या घालताना गुणगुणायची,

घडीवर घाली घडी, कडेशी जुळू दे कड,
हलकी झाली बोटं, तरी मन का गं जड?

पण ते गाणं फार वेळ टिकायचं नाही, कारण त्या दिवसांत दोघींपुढे दोन गुप्तहेरांच्या कादंबऱ्या होत्या. कागद एकाच जातीचा, अक्षर एकाच वळणाचं, जाडीही सारखीच. थोरलीकडे 'मास्तर' होता. हा गुप्तहेर जाड चष्मा लावायचा, खिशात खडू ठेवायचा आणि कधी कुणावर हात उगारायचा नाही. धाकटीकडे 'एकमोजा' होता. त्याच्या डाव्या हातात काळा मोजा असे आणि त्या हाताची मूठ बसली की उंबऱ्यासकट दार आत जाई.

आता गंमत अशी की थोरली घरीदारी तोंडाने तोफ, पण तिला आवडायचा तो गप्प मास्तर. आणि धाकटी, जी स्वतःच्या घरात मीठ मागतानाही दोनदा विचार करायची, तिचा जीव एकमोजावर.

"एकमोजाने एकच ठेवून दिली ना जाऊबाई, तर तुमचा मास्तर चष्म्यासकट भिंतीत जाईल," धाकटी म्हणायची.

"आधी मास्तर सापडायला तर हवा! तुझा तो रेडा दार फोडून आत घुसेल, तोवर मास्तर खिडकीतून बाहेर. आणि बाहेरून दाराला कडी!"

"दार फोडलंय ना आधीच? मग कडी कशाला घालणार?"

पुठ्ठे कापता कापता मालकसुद्धा हसले.

"पळपुटा आहे तुमचा मास्तर," धाकटीने आणखी एक टोला दिला.

"पळपुटा? अगं, तो निसटतो, पण आपल्या जागी दुसऱ्याला अडकू देत नाही. वाच नीट! नुसत्या मुठी काय मोजत बसतेस?"

धाकटी हळूच म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं. कुणीतरी टेबलावर मूठ आपटलेली बघितली की बरं वाटतं मला. आपल्याला जमत नाही ना ते."

तेव्हा मी अजून पुस्तक नव्हतो. एकमोजाचे चार फर्मे, म्हणजे चौसष्ट पानं, धाकटीपुढे होती. त्यावर तिने लाल पेन्सिलीची खूण केलेली होती, कारण तिची खूण लाल आणि थोरलीची निळी. बाकीचे चार फर्मे शेजारी ठेवून धाकटी दोरा आणायला उठली, आणि तेवढ्यात थोरलीच्या अंगात मास्तर संचारला.

"हे बघ, झुंज अशी होईल!" म्हणत ती उठली. एका हातात तिने धाकटीचे शेजारी ठेवलेले चार फर्मे घेतले. ती झाली एकमोजाची मूठ. दुसऱ्या हातात स्वतःचे शेवटचे चार घेतले. ते झाले मास्तरचे गुप्त कागद. "हा आला मूठ घेऊन. मास्तर हलला नाही. नुसते कागद नाकापुढे धरले, असे! बघ म्हणाला, तुझ्या मालकाची सही. आणि मूठ गळाली!" खोलीभर नाचून ती परत आली आणि हातातले कागद टेबलावर ठेवले. मूठ गेली मास्तरच्या ढिगावर. गुप्त कागद आले माझ्या पहिल्या चौसष्ट पानांवर.

मी ओरडलो असतो, मित्रांनो. पण शिवल्याशिवाय पुस्तकाला बोलता येत नाही, आणि शिवल्यावर उशीर झालेला असतो.

मी एका वाचनालयात गेलो. मला घरी नेणारे पासष्टाव्या पानाशी थबकायचे, पान मागेपुढे करायचे, मला हलवून बघायचे, जणू हरवलेली गोष्ट माझ्यातून खाली पडणार होती. एकाने तर समासात लिहिलं, 'हा कोण आला मध्येच?' मी तरी काय सांगणार! शेवटी ग्रंथपाल बाई मला पिशवीत घालून कारखान्यात घेऊन आल्या.

"वाचकांनी डोकं खाल्लंय माझं," त्या म्हणाल्या. "नीट प्रत द्या."

मालकांनी मला उघडलं. लाल खूण पाहिली. धाकटीकडे पाहिलं.

थोरलीनेही पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिला ती नाचलेली दुपार आठवली होती. मला ते दिसत होतं. तिचे ओठ हलले, पण वीस वर्षं त्या ओठांवर बसली होती.

धाकटीलाही कळलं होतं. दोरा घेऊन येताना दारातून तिने तो सगळा नाच पाहिला होता; त्यात कागद बदलले हे मात्र आत्ता लक्षात येत होतं. तरी ती म्हणाली, "खूण माझी आहे, मालक. चूकही माझीच असणार."

"मी सांगितलं होतं," मालक म्हणाले. "शनिवारी शेवटचा दिवस."

तो गुरुवार होता. तो अख्खा दिवस मी टेबलाच्या कोपऱ्यात पडून होतो. दोघी कामाला लागल्या. ना गाणं, ना मास्तर, ना एकमोजा. घडी दाबायची हाडाची पट्टी कागदावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता, सर्र, सर्र. खरं मला ठाऊक होतं. माझ्या अंगावर दोनेक हजार ओळी होत्या, पण ही एक ओळ नव्हती.

शुक्रवारी मालकांनी मला थोरलीपुढे टाकलं. "उसवून टाका हे. रद्दीत जाऊ दे."

तिने सुरी घेतली आणि नेमकं चौसष्टावं पान उघडून माझ्या दोऱ्याला टेकवली. शेवटच्या ओळींवर तिची नजर गेली. एकमोजा अंधाऱ्या जिन्यात उभा होता. वरच्या पायरीवर कुणाचीतरी सावली हलली. त्याने मूठ उगारली. आणि समोरच्या, पासष्टाव्या पानावर ओळ होती: 'माझा चष्मा इथेच कुठेतरी पडलाय,' मास्तर म्हणाला, 'पाय जपून टाका.'

थोरली ते वाचून हसलीच नाही. तिने ते परत वाचलं. मग धाकटीकडे पाहिलं. धाकटी मान खाली घालून, दुसऱ्याची चूक पदरात घेऊन, गुपचूप घड्या घालत होती. अगदी मास्तरसारखी.

धाडकन आवाज झाला. खळीचं भांडं टेबलावरून उडालं. थोरलीने मूठ आपटली होती.

"चूक माझी आहे!" ती ओरडली. "खूण तिची असली तरी हात माझे होते. मी नाचले, मी कागद फिरवले. काढायचं तर मला काढा!"

मालकांनी दोघींकडे पाहिलं. खळ त्यांच्या सदऱ्यावरून ओघळत होती.

"तुम्हाला काढलं तर शिवणार कोण, बाई?" ते म्हणाले. "आणि हिला काढलं तर तुम्ही भांडणार कोणाशी? राहा दोघी. पण आजपासून या टेबलावर गुप्तहेरांचं नाव निघता कामा नये."

धाकटीने रडत रडत खळ पुसली. पुसता पुसता म्हणाली, "बघितलंत? मुठीनेच काम झालं."

"हो, पण दोन दिवस मला वाचवलं ते तुझ्या गप्प बसण्याने," थोरली नाक ओढत म्हणाली. आणि मालकांचा हुकूम त्याच दुपारी, चहाच्या आधीच मोडला.

मला कुणी उसवलं नाही. खिडकीवरच्या फळीवर मला जागा मिळाली. आता माझी पानं पिवळी पडली आहेत, कसरीने पाठीला भोकं पाडली आहेत. थोरलीची बोटं आखडली, ती कामाला येत नाही. धाकटी आता नव्या बायकांना घड्या शिकवते, आणि फर्मे हातात घेऊन कुणी नाचू लागलं की टेबलावर मूठ आपटते. कधीमधी ती मला खाली घेऊन, धूळ फुंकून, तेवढी दोन पानं वाचते.

पण माझी तगमग संपलेली नाही, मित्रांनो. माझा एक जुळा भाऊ आहे. त्या दुपारी मास्तरचे पहिले चार फर्मे आणि एकमोजाचे शेवटचे चार एकत्र शिवले गेले. त्याच्यावर निळी खूण आहे. तो कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या पासष्टाव्या पानावर ती मूठ खाली आली की नाही, हेही मला माहीत नाही.

तुमच्या वाचनालयात, एखाद्या मावशीच्या पेटीत, रद्दीच्या ढिगात असं वाट चुकलेलं पुस्तक सापडलं, तर चिडून फेकू नका. त्याचं पान दुमडू नका, दोरा उसवू नका. कुणाच्या हातांनी ते घडलं असेल, त्या हातांत त्या वेळी काय चाललं असेल, याचा क्षणभर विचार करा. आणि वाचून झालं की जपून मिटा. आत एकजण मूठ उगारून जिन्यात उभा आहे आणि दुसऱ्याचा चष्मा अजून सापडलेला नाही.